खिडकीतला जिराफ आणि चार लाखांची एफडी

बावधनहून एका ताईंनी विचारलं आहे. नवरा हिंजवडीत आयटीमध्ये, त्या स्वतः शाळेत शिक्षिका, मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाच. मे महिन्यात चौघं अटलांटाला बहिणीकडे जाणार आहेत आणि तिथून पाच रात्रींसाठी ऑरलँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला. व्हिसा झालेले आहेत. अडलंय ते हॉटेलपाशी. मुलीला ॲनिमल किंगडम लॉज हवंय, कारण तिथे खोलीच्या बाल्कनीतून जिराफ दिसतात. तिने चित्र काढून फ्रिजवर लावलंय, त्यात जिराफ खिडकीतून मान घालून घरचा पडदा खातोय. त्या खोलीचा दर करासकट रात्रीला ७८० डॉलर. डिस्नेच्याच पॉप सेंच्युरी या साध्या हॉटेलाचा २६०. साडेतीन वर्षं दरमहा २०,००० ची आरडी करून जमवलेले ९,५०,००० रुपये हाताशी आहेत. लॉजवर राहायचं तर दोन लाखांवर कमी पडतात. तेव्हा अडीअडचणीसाठी ठेवलेली चार लाखांची एफडी मोडावी का? सासूबाई म्हणतात, "झोपायलाच तर जायचंय तिथे, एवढे पैसे कशाला?"

ताई, एफडी मोडू नका. पण मुलीचा जिराफही सोडू नका. दोन्ही जमतं, आणि कसं ते आकड्यांनिशी सांगतो.

आधी तुम्ही पाठवलेला हिशेब मांडतो. डॉलर ९० रुपये धरलाय. विमानाची चार तिकिटं ५,००,०००. चार दिवसांची पार्कची तिकिटं २,२५० डॉलर, म्हणजे २,०२,५००. जेवणखाण आणि तिथली ये-जा ९०,०००. प्रवासविमा १२,०००. पॉप सेंच्युरीच्या पाच रात्री १,१७,०००. बेरीज ९,२१,५००, म्हणजे २८,५०० शिल्लक. त्याच पाच रात्री लॉजवर काढल्या तर हॉटेलचेच २,३४,००० वाढतात. खर्च ११,५५,५०० वर जातो आणि २,०५,५०० कमी पडतात.

आता ती एफडी. घराचा हप्ता ६२,०००, आणि घरखर्च, शाळेची फी, औषधपाणी धरून ७८,०००. महिन्याला १,४०,००० लागतातच. चार लाख म्हणजे तीन महिन्यांचीही बेगमी नाही. त्यातून दोन लाख काढले तर दीड महिनाही निघणार नाही. तुमचा पगार आहे हे खरं, पण तुम्हीच लिहिलंय की यजमानांचा प्रोजेक्ट ऑगस्टमध्ये संपतोय आणि पुढचा अजून ठरलेला नाही. सहलीहून परत येताच दोन महिन्यांत जी वेळ येऊ शकते, त्या वेळेसाठीच ही एफडी ठेवली आहे. एसआयपीचे २५,००० वजा जाता महिन्याला तुमच्या हाती २०,००० उरतात. त्या वेगाने दोन लाख भरून यायला दहा महिने लागतील. मोडताना बँक व्याजाचा दर थोडा कमी लावते ते सोसता येईल, माझी काळजी या दहा महिन्यांची आहे.

यजमानांनी सुचवलेलं एफडीवरचं ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडी तारण ठेवून मिळणारं कर्ज, कागदावर बरं दिसतं. पण त्यात एफडी बँकेकडे अडकून पडते आणि वर व्याज सुरू होतं, म्हणजे आणीबाणीत ती नसल्यासारखीच. एसआयपी आठ महिने थांबवणं त्यातल्या त्यात कमी वाईट. माझ्या वीस वर्षांच्या कामात मात्र आठ महिन्यांसाठी म्हणून थांबवलेली एसआयपी नवव्या महिन्यात सुरू झालेली फार थोड्या घरांत पाहिली आहे.

पैशाचं झालं, आता हॉटेलकडे वळू. या पत्रात मला खरा रस तिथेच वाटला. सासूबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पॉप सेंच्युरीत आपण झोपायलाच जातो. लॉजचे ७८० डॉलर मात्र झोपेसाठी नसतात, ते खिडकीसाठी असतात. तेव्हा ती खिडकी तुम्हाला जागेपणी, उजेडात किती वेळ मिळणार ते मोजायला हवं.

पार्कचे चार दिवस तुम्ही काय कराल? डिस्नेच्या कुठल्याही हॉटेलात राहणाऱ्याला रोज पार्क उघडायच्या अर्धा तास आधी आत सोडतात. ही सवलत २६० डॉलरच्या खोलीलाही आहे आणि ७८० डॉलरच्या खोलीलाही. तिचा फायदा घ्यायचा तर सकाळी साडेसातला बाहेर पडावं लागतं. परतायला रात्रीचे नऊ-दहा. मेच्या सुरुवातीला तिथे सूर्य सकाळी पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि आठच्या आसपास मावळतो. म्हणजे दिवसाला जेमतेम तासभर उजेड, तोही मोजे शोधण्यात आणि दूध पाजण्यात जाणार. पोचल्या दिवसाची दुपार आणि निघायच्या दिवसाची सकाळ धरूनही, पाचही रात्री मिळून उजेडातली खिडकी तुमच्या वाट्याला दहा-बारा तास येईल.

म्हणून माझा सल्ला असा. चार रात्री पॉप सेंच्युरी, पाचवी लॉज. पार्कची तिकिटं चारऐवजी तीन दिवसांची काढा, आणि पाचव्या दिवशी कुठल्याच पार्कात जाऊ नका. सकाळी पॉप सेंच्युरी सोडताना सामान तिथल्या बेल सर्व्हिसकडे, म्हणजे सामान सांभाळणाऱ्या विभागाकडे द्या. डिस्नेच्या एका हॉटेलातून दुसऱ्यात सामान ते स्वतः पोचवतात, त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. खोली दुपारी तीनला मिळते, पण त्याआधीही लॉजवर जाऊन मागच्या बाजूला प्राणी बघत बसता येतं, पोहण्याचा तलाव वापरता येतो. तीन ते आठ बाल्कनी तुमची. दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून अकरा वाजता खोली सोडेपर्यंत पुन्हा तुमची. एकाच रात्रीत नऊ तास, आणि कुठे धावायचं नाही. पाच रात्रींत मिळालं असतं जवळजवळ तेवढंच.

याचा हिशेब: एका रात्रीसाठी ५२० डॉलर जास्त, म्हणजे ४६,८००. तुम्ही कळवलेल्या दरांनुसार तीन दिवसांची तिकिटं १,९१० डॉलरला पडतात, तिथे ३४० डॉलर, म्हणजे ३०,६०० वाचले. एकूण खर्च ९,३७,७००. हातात १२,३०० उरतात आणि एफडीला बोटही लागत नाही.

तीन दिवसांत डिस्नेच्या चार पार्कांपैकी तीनच होतील. मी असतो तर मॅजिक किंगडम, एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज केली असती आणि ॲनिमल किंगडम सोडलं असतं, कारण प्राणी लॉजवर भेटणारच आहेत. तिथली सफारी छान असते, हे सोडणं सोपं नाही. म्हणून हा निर्णय मुलीला विचारून घ्या. तिला दोन्ही बाजू समजावून सांगा, नऊ वर्षांच्या मुलांना हे कळतं.

पॉप सेंच्युरीला कमी लेखू नका. २००३ साली सुरू झालेलं हे अवाढव्य हॉटेल आहे. इमारतींना चार-चार मजली बोलिंग पिन आणि यो-यो लावलेत, तुमचा मुलगा तिथून हलायचा नाही. एका मोठ्या पलंगाशिवाय दुसरा पलंग भिंतीतून खाली ओढायचा असतो, त्यावरून भांडणं होतील. शिवाय २०१९ पासून तिथे स्कायलायनर आहे, तळ्यावरून जाणारे पाळणे. कॅरिबियन बीच या डिस्नेच्याच हॉटेलापाशी पाळणा बदलून एपकॉटला किंवा हॉलिवूड स्टुडिओजला जाता येतं, आणि त्याला तिकीट नाही. रायगडच्या रोपवेसाठी रांगेत उभी राहणारी आपली मुलं यात दिवसातून चारदा बसतील. विजा चमकत असल्या की मात्र तो बंद ठेवतात, मग बस. याउलट लॉजहून सगळीकडे बसच. नाव ॲनिमल किंगडम लॉज असलं तरी तिथून त्या पार्कपर्यंतही चालत जायची सोय नाही. तीन पार्क करायचे तर पॉप सेंच्युरी जास्त सोयीचं आहे, आणि त्याचं कारण फक्त स्वस्ताई नाही.

लॉजचं आरक्षण करताना एक शब्द नीट बघा. खोलीच्या नावात 'सव्हाना व्ह्यू' असायलाच हवं, सव्हाना म्हणजे प्राणी फिरतात ते गवताळ कुरण. 'स्टँडर्ड व्ह्यू' स्वस्त असतो, पण त्यातून पार्किंगही दिसू शकतं. आणि सव्हाना घेतली तरी जिराफ तुमच्याच खिडकीसमोर येईल असं कोणी लिहून देत नाही. वेगवेगळ्या भागांत वेगवेगळे प्राणी असतात. झेब्रे येतील, हरणं येतील, अंकोले जातीच्या गाईही असतात. त्यांची शिंगं बघून आपल्या खिल्लारांची आठवण येते, फक्त इथे शिंगांचा घेर मनगटाएवढा नाही, मांडीएवढा. मुलीला हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे तिथे हिरमोड व्हायचा नाही.

लॉजचं किडानी व्हिलेज म्हणून दुसरं अंग आहे, तिथे साना नावाचं रेस्टॉरंट आहे. काही वर्षांपूर्वी मी आणि बायको तिथे फक्त दुपारचं जेवायला गेलो होतो, राहायला नाही. आफ्रिकी जेवणात भारतीय चव मिसळलेली. लाकडी फळीवर नान, कुलचा, पनीर पराठा आले, सोबत छोट्या वाट्यांत कोथिंबिरीची चटणी, चिंचेची चटणी, लसणाचं लोणचं, रायतं. पंधरा दिवस अमेरिकेत काढून ते लोणचं जिभेला लागलं आणि आम्ही दोघंही गप्प झालो. काचेपलीकडे झेब्रा गवत ओढत उभा होता. उद्या दर वाढले आणि लॉजची एक रात्रही परवडेना, तर हे जेवण तुमचा राखीव बेत. आरक्षण ६० दिवस आधी खुलतं, त्या दिवशीच करा, खिडकीजवळची जागा मागून घ्या.

आता उरलेल्या १२,३०० रुपयांना कुठे भोक पडू शकतं ते सांगतो. पहिलं भोक तुमचं क्रेडिट कार्ड. परदेशी खर्चावर बहुतेक कार्डं साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे जादा आकार, लावतात आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे शंभर रुपयांमागे चार रुपये तेरा पैसे. दोन्ही हॉटेलं आणि पार्कची तिकिटं मिळून ३,७३० डॉलर, त्यावर हे जवळपास १३,९०० होतात. शिल्लक सगळी त्यातच जाईल. मार्कअप न लावणारी कार्डं आपल्याकडे मिळतात, आजच अर्ज करा. आणि तिथे मशीनने डॉलर की रुपये विचारलं तर डॉलरच निवडा, रुपयातला दर नेहमी महाग लावलेला असतो.

दुसरं, तुमच्या मैत्रिणीने २०१८ साली विमानतळावरून डिस्नेची फुकट बस घेतली होती म्हणून तुम्ही तो खर्च धरलेला नाही. ती बस २०२२ च्या जानेवारीत बंद झाली. जाता-येता टॅक्सीचे पैसे ९०,००० मधून काढावे लागतील, म्हणून जेवणात हात थोडा आखडा. पार्कात स्वतःचं खाणं न्यायला परवानगी आहे, काचेच्या बाटल्या मात्र चालत नाहीत. चिवडा, बाकरवडी, मेतकुटाचा डबा इथूनच न्या. विमानतळावर कस्टम्सला खाद्यपदार्थ आहेत हे मात्र सांगा.

कोथरूडच्या एजंटने दिलेलं पॅकेज घेऊ नका असं मी म्हणत नाही. पण पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आगाऊ गोळा केलेला आयकर, कापला जाईल आणि तो बुडाला असं समजू नका. आयकर रिटर्नमध्ये तो वळता होतो, आणि नोकरदाराला तो कंपनीला आधी कळवून पगारातल्या टीडीएसमध्ये जमवूनही घेता येतो. तुमचा प्रश्न हाताशी असलेल्या रोख रकमेचा आहे, म्हणून खोल्या स्वतः बुक करणं मला बरं वाटतं. नुसत्या खोलीच्या आरक्षणाला डिस्ने आत्ता एका रात्रीचेच पैसे घेते, आणि मुक्कामाच्या पाच दिवस आधीपर्यंत रद्द केलं तर ते परत देते. यजमानांच्या प्रोजेक्टचं काही वेगळं कानावर आलं, तर मागे फिरायची वाट त्यामुळे उघडी राहते.

तारखा मेच्या पहिल्या पंधरवड्यातल्या घ्या. ईस्टरची गर्दी ओसरलेली असते, आणि महिन्याच्या शेवटच्या सोमवारी येणाऱ्या मेमोरियल डेच्या अमेरिकी सुट्टीपासून दर पुन्हा चढतात. मुलीचा दहावा वाढदिवस जुलैत आहे असं तुम्ही लिहिलंय. डिस्नेत तीन ते नऊ वर्षांच्या मुलांना लहानांचं तिकीट लागतं, दहाव्या वर्षापासून मोठ्यांचं. सहल दिवाळीच्या सुट्टीवर ढकलली तर तिचं तिकीट आणि बुफेतलं जेवण दोन्ही महागेल.

या आठवड्यात दोन वेगवेगळी आरक्षणं करून टाका, चार रात्रींचं एक आणि एका रात्रीचं एक. दोन्हींचे क्रमांक मिळाले की मला कळवा, विम्याची पॉलिसी आपण बसून बघू. बारा हजारांत अमेरिकेतल्या इस्पितळाचं पुरेसं संरक्षण मिळतंय ना, हे मला एकदा स्वतः वाचून बघायचंय. इथली फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराचा मिळून असलेला आरोग्यविमा, तिथे उपयोगी पडेल असं धरून चालू नका.