जुनी थ्री नॉट थ्री, तिच्या खुणा आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात जुन्या लष्करी वस्तूंवर लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली तीन घेतोय, पहिल्या पत्राला जास्त जागा लागली कारण त्यात सांगण्यासारखं खरंच खूप आहे.

प्रश्न : माझा मुलगा ओहायोला असतो, ग्रीन कार्ड आहे. तिथल्या एका दुकानात त्याने आपल्या लष्करातली जुनी रायफल बघून ठेवलीये, इशापूर टूएवन. दुकानदार सांगतो की ही जुन्या थ्री नॉट थ्रीचीच नळी बदलून बनवलेली आहे. त्याच दुकानात काडतुसांचा एक जुना खोका पण आहे, काडतुसांच्या बुडावर के एफ अशी अक्षरं आहेत. माझे वडील एकतीस वर्षं खडकीच्या फॅक्टरीत होते म्हणून मुलाला आजोबांची आठवण म्हणून दोन्ही घ्यायचंय. काय बघून घ्यावी? आणि पुढेमागे ती पुण्याला आणता येईल का? (एक आई, कोथरूड)

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, नाही आणता येणार. पूर्ण रायफल नाही, बोल्ट (काडतूस आत ढकलणारा सरकता दांडा) नाही, आणि हौस म्हणून खिशात टाकलेलं एक काडतूससुद्धा नाही. विमानतळावर बॅगेत जिवंत काडतूस सापडलं की आर्म्स ॲक्टखाली केस होते, "आजोबांची आठवण आहे" हे तिथे कोणी ऐकून घेत नाही. मुलाला हे आत्ताच नीट सांगून ठेवा.

ग्रीन कार्ड आहे हे बरं झालं. एच वन बी किंवा स्टुडंट व्हिसावर असलेल्यांना तिकडे बंदूक जवळ ठेवायची साधारणपणे बंदी आहे, शिकारीच्या लायसन्ससारखे थोडे अपवाद सोडले तर, आणि आपल्याकडच्या कितीतरी मुलांना हे माहीतच नसतं, मित्र घेतोय म्हणून आपणही घ्यायची असं होतं. तुमच्या मुलाला हौस पुढे वाढवायची असेल तर तिथे जुन्या हत्यारांच्या कलेक्टरसाठी वेगळं लायसन्स मिळतं, क्युरिओ अँड रेलिक म्हणतात त्याला. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असलेली रायफल त्यात बसते, लायसन्स तीन वर्षांचं असतं आणि घेतलेल्या प्रत्येक रायफलची वहीत नोंद ठेवावी लागते. राज्याराज्याचे नियम वेगळे असतात, ते त्याने तिथेच विचारावेत.

आता दुकानदाराचं म्हणणं. नळी बदलून बनवलेली नाहीये हो ती! ही गैरसमजूत तिकडे फार पसरलीये आणि मला दर वेळी वाईट वाटतं, कारण त्यात आपल्या कारखान्याचं काम झाकलं जातं. १९६२ च्या युद्धात आपलं बहुतेक पायदळ थ्री नॉट थ्री घेऊन लढलं. त्यानंतर लष्कर ७.६२ च्या काडतुसाकडे वळत होतं, सेल्फ लोडिंग रायफल बनायला लागल्या होत्या पण सगळ्यांना पुरतील इतक्या लगेच कुठून येणार, तेव्हा बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्याने हातात असलेलं जुनं ली एनफिल्डचं, म्हणजे थ्री नॉट थ्रीचंच, डिझाइन घेतलं आणि ७.६२ साठी नव्याने रायफल बनवली. स्टील जास्त मजबूत वापरलं कारण नव्या काडतुसाचं प्रेशर जास्त. थ्री नॉट थ्रीच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते, ७.६२ ला ती नसते, त्यामुळे काडतूस ओढून काढणारा भाग आणि मॅगझिन दोन्ही बदलावं लागलं. नुसती नळी बदलून हे जमत नाही. आधी टूए आली, मग टूएवन. दोघींत फरक मागच्या साइटचा, म्हणजे नेम धरायच्या पट्टीचा, टूएवर दोन हजार मीटरपर्यंत आकडे होते, टूएवनवर आठशेपर्यंतच ठेवले.

मुलाला सांगा, दुकानात गेल्यावर आधी मॅगझिन बघ. जुन्या थ्री नॉट थ्रीचं मॅगझिन उतरतं आणि दहा गोळ्यांचं, टूएवनचं चौकोनी डब्यासारखं, बारा गोळ्यांचं. मग बट, म्हणजे खांद्याला लागणारा लाकडी भाग, जिथे लोखंडाला मिळतं त्या गळ्याशी उजव्या बाजूला बोट फिरव, तिथे रायफल ७.६२ एमएम टूएवन, आर एफ आय आणि साल ठोकलेलं असतं. आर एफ आय म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर.

मी कॉलेजात एनसीसीत असताना आमच्या हवालदारसाहेबांनी पहिल्या दिवशी आम्हाला नेम धरायला नाही शिकवलं, डोळे मिटून याच जागेवरचं साल बोटाने वाचायला लावलं होतं. माझ्या रायफलवर १९४३ होतं. चार किलोचं ते धूड खांद्यावर घेऊन आम्ही ग्राउंडला चकरा मारायचो, जवसाच्या तेलाचा आणि घामाचा मिळून एक वास यायचा तिला, तो अजून आठवतो. पुढे भाच्याकडे पेनसिल्व्हेनियाला गेलो तेव्हा त्याच्या मित्राची टूएवन हातात घेतली आणि आधी अंगठा त्या गळ्याकडेच गेला, १९६७.

बाकी बघायचं ते असं. बोल्टच्या दांड्यावरचा नंबर आणि रायफलच्या बॉडीवरचा नंबर एकच हवा. ली एनफिल्डमध्ये प्रत्येक बोल्ट त्या त्या रायफलला हाताने बसवलेला असतो, दुसरीचा बोल्ट घातला तर काडतुसामागची जागा कमीजास्त होते आणि ते धोक्याचं आहे. नंबर जुळत असले तरी गोळी घालायच्या आधी गनस्मिथकडून गेज लावून ही जागा, म्हणजे हेडस्पेस, तपासून घ्यायचाच, हे पैसे वाचवायचे नाहीत. नळी पुलथ्रूने (चिंधी बांधून नळीतून ओढायच्या दोरीने) साफ करून मग उजेडाकडे धरून बघायची. तोंडाशी लक्ष द्यायचं, वर्षानुवर्षं पुलथ्रूची दोरी एकाच बाजूला घासली की तिथे खाच पडते आणि मग कितीही चांगला नेमबाज असू दे, गोळी भरकटतेच. लाकडात मॅगझिनच्या जरा पुढे एक आडवा स्क्रू दिसला तर घाबरू नको म्हणावं, ती दुरुस्ती नाही. धक्क्याने लाकूड फाटू नये म्हणून इशापूरने तो दिलाय आणि तिकडचे कलेक्टर त्याला इशापूर स्क्रूच म्हणतात. पुढच्या लाकडावर तांब्याच्या तारेचे वेढे असतील तर ती रायफल ग्रेनेड फेकायला वापरायची, तार लाकूड फुटू नये म्हणून असते, ती काढायची नाही.

आणि घेतल्यावर सँडपेपर लावायचा नाही! हे मी अगदी हात जोडून सांगतोय. भाच्याच्याच ओळखीत एकाने अशी रायफल घेतली, पिवळट चिकट ग्रीसने माखलेली होती, ती "छान करायची" म्हणून बटावर सँडपेपर मारला, वर चकचकीत पॉलिश. बटावर कारखान्याच्या तपासणीचे गोल शिक्के होते, रॅकचा रंगवलेला नंबर होता, कुठल्याशा जवानाने टोकाने कोरलेली दोन देवनागरी अक्षरं होती, फोटोत मी ती पाहिली होती, सगळं दोन तासांत भुकटी होऊन गेलं. ते परत नाही येत. ग्रीस काढायला जरा ऊब द्यायची, उन्हात ठेवली तरी चालते, आणि मिनरल स्पिरिटने सावकाश चिंधीने पुसत राहायचं, चार दिवस लागले तर लागू देत. मग जवसाचं तेल तळहातावर दोन थेंब घेऊन लाकडात जिरवायचं, लष्करात हेच करायचे. डाग, खड्डे, काळपट झालेली जागा जिथे हात पडायचा, ते सगळं राहू द्यायचं, पैसे आपण त्याचेच देतोय.

गोळ्यांचं म्हणाल तर रायफल ७.६२ नाटोसाठी बनवलीये. बाजारातलं .३०८ विंचेस्टर दिसायला जवळजवळ तसंच असतं पण त्यातली काही काडतुसं जास्त प्रेशरची असतात, साठ वर्षं जुन्या रायफलला ती द्यायची गरज नाही. हळू, कागदावर, शंभर मीटरवर, दर गोळीनंतर बोल्ट ओढायची मजा घेत. ली एनफिल्डचा बोल्ट पुढे ढकलताना स्प्रिंग भरते, मागे ओढताना नाही, म्हणून तो इतका झरझर चालतो, त्याला ते हातात आल्यावर कळेल.

आता तो खोका. के एफ म्हणजे आपली खडकीच, तेव्हाचं किर्की. खडकीचा कारखाना १८६९ चा आणि थ्री नॉट थ्रीची काडतुसं तिथे प्रचंड बनली. म्हणजे ताई, त्या खोक्यातली काडतुसं खरंच तुमच्या वडिलांच्या फॅक्टरीतली आहेत, आणि बुडावरचं साल त्यांच्या नोकरीच्या वर्षांत बसत असेल तर विचारूच नका. पण खोका थ्री नॉट थ्रीचा असेल तर ती टूएवनमध्ये चालत नाहीत, घालून बघायचीही नाहीत. थ्री नॉट थ्रीची रायफल असली तरी मी ती उडवू नका असंच म्हणेन, जुनी कॉर्डाइटची (त्या काळच्या दारूची) काडतुसं, कधी चाप ओढल्यावर क्षणभर थांबून उडतात आणि तेवढ्यात कोणी बोल्ट उघडला तर काय होईल सांगायला नको. शिवाय त्यांच्या कॅपमधल्या रसायनाने नळीत मीठ साठतं, ते दमट हवेत पाणी ओढतं आणि नळी रात्रीत गंजते, म्हणून तर जुने जवान फायरिंगनंतर नळीत उकळतं पाणी ओतायचे. खोका तसाच बंद, कोरड्या जागी कुलपात ठेवावा. वडिलांचा फॅक्टरीच्या पासाचा फोटो तुमच्याकडे असेल तर तो मुलाला पाठवा, शेजारी लावू दे.

प्रश्न : शनिवारातला आमचा वाडा रिकामा करताना माळ्यावर ट्रंकेत एक रायफल सापडली. मुकुट, जी आर आय, इशापूर असं कोरलंय. आजोबा दुसऱ्या महायुद्धात होते. कागद काहीच नाहीत. अँटीक म्हणून भिंतीवर लावता येईल का?

उत्तर : नाही, आणि कृपा करून उशीर करू नका. जी आर आय म्हणजे तेव्हाचा राजा जॉर्ज, ही थ्री नॉट थ्री असणार, आपल्याकडे प्रतिबंधित बोअर, म्हणजे सामान्य माणसाला बंदी असलेलं माप. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना प्रतिबंधित शस्त्राला किमान सात वर्षांची शिक्षा आहे. कायद्यात जुन्या हत्यारांना सूट आहे पण ती दुरुस्त करूनही उडणार नाही अशा हत्यारांना. इशापूरची रायफल ऐंशी वर्षं ट्रंकेत पडली तरी तेलपाणी केलं की चालते, एवढी ती चांगली बनवलेली असते.

बोल्टला हात लावू नका, आत गोळी असू शकते. स्कूटरवर टाकून चौकीत नेऊ तर अजिबात नका, नेताना अडवलं तर तुमच्याकडे दाखवायला काय आहे? आधी एका वकिलाला गाठा, मग पोलीस स्टेशनला लेखी कळवा की आजोबांच्या सामानात सापडली, जमा करायचीये, येऊन न्या. आर्म्स ॲक्टच्या कलम २१ मध्ये बाळगण्याचा अधिकार नसलेलं शस्त्र जमा करण्याची तरतूद आहे. पंचनामा आणि पावती घ्या. ट्रंकेतली पत्रं, पेबुक (जवानाच्या पगाराची वही), मेडल असेल तर ते मात्र कोणी मागत नाही, ते जपा, त्यात आजोबांच्या पलटणीचं नाव मिळेल.

प्रश्न : मी चोवीस वर्षांचा आहे, आयटीत आहे. पुण्यात राहून जुन्या मिलिटरी रायफलची हौस कशी करायची? विकत घेता येते का? (हिंजवडी)

उत्तर : विकत नाही. सर्व्हिस काडतूस चालेल अशी थ्री नॉट थ्री किंवा ७.६२ ची रायफल सामान्य माणसाला मिळत नाही. आपल्याकडची .३१५ स्पोर्टिंग रायफल त्यामुळेच जन्माला आली, सांगाडा ली एनफिल्डचाच पण काडतूस ८ मिलिमीटरचं, लष्कराच्या भांडारातलं त्यात बसूच नये म्हणून. इशापूरलाच बनते. ती लायसन्सवर मिळते, पण लायसन्स द्यायला कारण लागतं आणि "संग्रह करायचाय" एवढ्यावर मिळेल अशी आशा मी तुला दाखवणार नाही. आणि आता एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात.

पण हौस म्हणजे विकत घेणंच असं कुठे आहे. घोरपडीला सदर्न कमांडचं वॉर मेमोरियल आहे, बाजीराव रोडजवळ केळकर म्युझियम आहे तिथे जुनी हत्यारं बघ, नगरला रणगाड्यांचं म्युझियम आहे, एका रविवारात जाऊन येता येतं. वही घेऊन जा, खुणा उतरवून घे. पोलिसांकडे थ्री नॉट थ्री परवापरवापर्यंत होती, २६/११ ला सीएसटीवर आपले पोलीस तीच घेऊन उभे होते, तुझ्या ओळखीत कोणी निवृत्त हवालदार असेल तर त्याच्याशी तासभर बोल, पुस्तकात नसलेलं कळेल.

आणि खरंच नेम धरायचा असेल तर बालेवाडीला जा. शिवछत्रपती क्रीडा संकुलातल्या रेंजवर तयारी करणाऱ्या स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं. एअर रायफलपासून सुरुवात कर, श्वास अर्धा सोडून थांबणं आणि चाप हळूच दाबणं तिथेही तेच आहे जे आमचे हवालदारसाहेब शिकवायचे. पहिले दोन महिने खांदा दुखेल, मग एक दिवस पाच भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातील, तो कागद मला पाठव.