आधी ऑफ तासाचं रजिस्टर बघ

प्रिय बेटा,

प्रभारी मुख्याध्यापक झालास, छान झालं. पेढे आलास की खाऊ. फोनवर तू म्हणालास, "शिक्षक थकलेत असं म्हणतात, पण खरं तर त्यांना कामाची इच्छाच नाही." मला हे पटलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची तीन लक्षणं सांगितली: शक्ती संपणं, कामाबद्दल मन उडणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. संघटना त्याला आजार म्हणत नाही. कामाच्या जागचा ताण वेळीच न हाताळल्याचा तो परिणाम. म्हणजे तुला दिसते ती 'इच्छा नाही' हे त्याचंच लक्षण असू शकतं.

ऑफ तासाचं रजिस्टर, म्हणजे रजेवरच्याचा तास कुणाला दिला त्याची वही, काढून बघ. कुणी रजेवर गेलं की कुणाचं नाव पडतं? बहुतेक शाळांत तीच दोन-तीन नावं सापडतील. निवडणुकीचं काम, यू-डायसची (सरकारला द्यायची शाळेची) माहिती, गॅदरिंगचं सूत्रसंचालन, सगळं त्यांच्याच गळ्यात. का, तर ही माणसं नाही म्हणत नाहीत. धाकदपटशा करणाऱ्या मुख्याध्यापकाला सगळे नावं ठेवतात, पण भला माणूसही स्टाफ जाळतो. त्याला कुणाशी वाईटपणा घ्यायचा नसतो, मग कामचुकाराला काही बोलत नाही आणि त्याचा भार गुणी माणसावर टाकतो. आपल्याकडे हा प्रकार फार. (तू स्वभावानं भला आहेस, म्हणून मुद्दाम लिहितोय.)

वरून येणारं सगळं तू थांबवू शकणार नाहीस. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये शिक्षकांना शिकवण्याबाहेरची कामं द्यायला बंदी आहे, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक या कामांना त्यातून सूटच आहे. पण रात्री दहाला 'तात्काळ सादर करा' असा मेसेज आला, तर तो तसाच स्टाफच्या ग्रुपवर ढकलायचा की आधी ऑफिसातलं जुनं रजिस्टर चाळायचं, हे तुझ्या हातात आहे. निम्मी माहिती तिथेच असते. उरलेली सकाळी माग, कशासाठी हवी तेही सांग. पालक भांडायला आला तर आधी तुझ्या केबिनमध्ये बसव, वर्गाच्या दारात नाही.

आणखी एक. त्याच कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याला ४५ तास धरलेत, पण पाठाच्या तयारीसकट. मोकळा तास दिसला की काम घुसवू नकोस.

आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनअखेर उघडतात, म्हणजे वेळापत्रकाला वेळ आहे. कच्चा तक्ता आधी स्टाफरूममध्ये लाव, आठवडाभर त्यावर पेन्सिलीनं खुणा करू दे. मग तो घेऊन रविवारी सकाळीच धरमपेठेत ये. दुपारी येऊ नकोस, ऊन फार आहे.

तुझा,
सर