जर्मनीत सस्टेनेबिलिटीची नोकरी शोधताय? अहवालाच्या टेबलापासून जरा लांब बघा

नमस्कार. भारतात काही वर्षं बीआरएसआरचे, म्हणजे कंपनीच्या पर्यावरणीय आणि सामाजिक जबाबदारीचे, अहवाल केलेत, आता जर्मनीतल्या मोठ्या कंपनीच्या सस्टेनेबिलिटी विभागात यायचं आहे, आणि 'तिकडे हे सगळं कंपनीच्या धोरणातच मुरलेलं असतं ना?' असं तुम्ही विचारलं आहे. मी इथे यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत याच कामात आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मुरलेलं असतं, पण सगळीकडे नाही, आणि जिथे असतं तिथे ते बहुतेक वेळा सस्टेनेबिलिटी विभागात सापडत नाही. हा विभाग इथेही छोटाच असतो आणि त्याचा बराचसा वेळ बाकीच्यांच्या मागे लागून आकडे गोळा करण्यात जातो. सेबीने २०२२-२३ पासून पहिल्या एक हजार सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर सक्तीचा केला, तेव्हा जी धावपळ तुम्ही पाहिली असेल तीच इथे सीएसआरडीच्या, म्हणजे अशाच अहवालांच्या युरोपीय कायद्याच्या, वेळी झाली. सल्लागार आले, एक्सेलच्या फायली फिरल्या, भरपूर माणसं घेतली गेली.

पण वारं फिरलं आहे. सीएसआरडी २०२३ च्या जानेवारीत अमलात आला आणि त्याखालचे पहिले अहवाल २०२५ मध्ये निघाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत युरोपीय आयोगाने नियम सैल करण्याचा प्रस्ताव मांडला, पुढच्या कंपन्यांची मुदत दोन वर्षांनी ढकलली गेली आणि डिसेंबरात ठरलं की हजाराहून जास्त कर्मचारी आणि ४५ कोटी युरोंहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांनाच हे बंधन राहील. जर्मनीने तर २०२४ च्या जुलैपर्यंत करायचा आपला कायदा वेळेत केलाच नव्हता. त्यामुळे निव्वळ अहवाल लिहिण्याच्या नोकरीवर भिस्त ठेवून घरदार हलवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग बघायचं कुठे? आधी पैसे कुठे मंजूर होतात ते बघा. समजा, कारखान्यातला जुना गॅस बॉयलर बदलायचा आहे. नवा गॅस बॉयलर स्वस्त, विजेवर उष्णता देणारा हीट पंप महाग. नेहमीच्या हिशेबात बॉयलर जिंकतो. आता कंपनीने आपल्यापुरती कार्बनची किंमत टनाला १०० युरो धरली आणि बॉयलर वर्षाला २,००० टन कार्बन सोडणार असेल, तर त्याच्या नावावर दरवर्षी २ लाख युरो चढतात. वीस वर्षांचे झाले ४० लाख. तोच प्रस्ताव, तेच लोक, पण बैठकीतला निर्णय उलटू शकतो. धोरणात मुरणं म्हणतात ते हे. हा आकडा गुंतवणुकीच्या अर्जावर छापलेला रकाना असतो, की शेवटच्या स्लाइडवरची सदिच्छा, एवढं कळलं तरी कंपनी कळते.

दुसरी जागा खरेदी विभाग, आणि तुमचं खरं भांडवल इथे आहे. यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या धुरांड्यातून फार काही निघत नाही. बहुतेक भार स्कोप ३ चा, म्हणजे विकत घेतलेल्या मालाचा आणि विकलेली यंत्रं पुढे वर्षानुवर्षं खातात त्या विजेचा. त्यात युरोपच्या सीमेवरचा कार्बन कर, सीबॅम, १ जानेवारी २०२६ पासून खऱ्या पैशांच्या टप्प्यात आला आहे. स्टील, अॅल्युमिनियम, सिमेंट, खतं वगैरे त्यात येतात. पुरवठादाराने कार्बनचा खरा आकडा दिला नाही तर ठोकळ आकडा धरला जातो आणि तो सहसा महागात पडतो. भारतातल्या कारखान्यात डिझेल जनरेटरची नोंद कोण ठेवतं, कोळशाच्या पावत्या कुठे असतात, पुरवठादाराला कोणत्या सुरात विचारलं की तो कागद पाठवतो, हे इथल्या माणसाला माहीत नसतं. तुम्हाला माहीत आहे. सीव्हीत हे पहिल्या पानावर घ्या, आणि 'बीआरएसआरची अमुक तत्त्वं हाताळली' हे खाली ढकला. जर्मनीचा पुरवठा साखळीचा कायदाही आहे. तो २०२३ मध्ये तीन हजारांवर आणि २०२४ पासून हजारावर कर्मचारी असलेल्या कंपन्यांना लागू झाला. तोही सैल करणं चालू आहे, पण मोठ्या कंपन्यांनी त्यासाठी उभारलेली पुरवठादार तपासणी अजून चालू आहे.

वरच्यांच्या पगाराचं थोडक्यात सांगतो: सूचीबद्ध कंपन्यांच्या संचालकांचा मोबदला शाश्वत आणि दीर्घकालीन विकासाशी जोडलेला असावा, असं इथला कायदाच सांगतो. बोनसमध्ये त्याचा वाटा किती, हे कंपनीच्या मोबदला अहवालात असतं. मुलाखतीआधी वाचा.

एका माणसाच्या उत्साहावर चाललेल्या कंपनीपासून सावध राहा. फ्रान्समधल्या दानोन या खाद्यपदार्थांच्या कंपनीने २०२० मध्ये भागधारकांच्या प्रचंड बहुमताने आपल्या घटनेत सामाजिक आणि पर्यावरणीय उद्दिष्टं लिहून घेतली. पुढच्याच मार्चमध्ये, नफा आणि शेअरची घसरण यांवरून काही गुंतवणूकदारांनी दबाव आणल्यावर, ते घडवून आणणारे प्रमुख एमान्युएल फाबेर यांना पद सोडावं लागलं. घटनेतलं कलम शाबूत राहिलं, माणूस गेला.

मुलाखतीत तुम्हीही प्रश्न विचारा, इथे ते उद्धटपणाचं मानत नाहीत. विभाग वित्तप्रमुखांना जोडलेला आहे की जनसंपर्काला? गेल्या वर्षभरात कार्बनच्या आकड्यामुळे एखादा गुंतवणूक प्रस्ताव बदलला का? उत्तर देताना समोरचा थेट उदाहरणावर आला तर चांगलं. 'आमच्या मूल्यांमध्येच ते आहे' असं ऐकू आलं, तर दुसरी कंपनी शोधा.

भाषेचं म्हणाल तर मुख्यालयात इंग्रजीवर निभावतं, पण कारखान्यातला मेंटेनन्सवाला आणि कामगारांचं निवडून आलेलं मंडळ जर्मनच बोलतं, आणि मोठ्या कंपनीत त्या मंडळाला वगळून फारसं काही हलत नाही. जर्मन बी१ पातळीपर्यंत तिकडेच शिका, त्यापुढची बी२ इथे होईल.

आणि ब्लू कार्डसाठी, म्हणजे उच्चशिक्षितांना मिळणाऱ्या युरोपीय परवान्यासाठी, तुमची पदवी इथे मान्य असावी लागते. अनाबिन नावाच्या सरकारी यादीत तुमचं विद्यापीठ आणि अभ्यासक्रम दोन्ही आहेत का ते बघा. नसतील तर पदवीच्या तुलनेचं प्रमाणपत्र झेडएबी या परदेशी पदव्या तपासणाऱ्या जर्मन सरकारी कार्यालयाकडून मागवावं लागेल. त्याला वेळ लागतो, तेव्हा नोकरीचे अर्ज टाकण्याआधीच तो अर्ज टाका.