जॅकेट आत का फुगवायचं नाही?

प्रश्न : ताई, विमानातलं लाइफ जॅकेट दाराबाहेर पडतानाच फुगवा म्हणतात. बुडताना एवढा धीर कोण धरणार?

उत्तर : धरावाच लागतो हो! २३ नोव्हेंबर १९९६ ला अपहरण झालेलं इथियोपियन एअरलाइन्सचं बोइंग ७६७ इंधन संपून आफ्रिकेजवळच्या कोमोरोस बेटांच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं. १७५ पैकी १२५ जण गेले. काहींनी जॅकेट आतच फुगवलं होतं. पाणी भरलं तसे ते छताला जाऊन चिकटले. दार खाली, पाण्यात. फुगलेल्या जॅकेटने बुडी मारताच येत नाही. वाचलेल्यांच्या मदतीला जवळच्या हॉटेलातले पर्यटक आणि गावकरी होड्या घेऊन धावले.

बावीस वर्षं हवाईसुंदरी म्हणून मी जॅकेट फुगवायचा तो लाल टॅब ओढून दाखवायची. बघायचं कोण? सगळे मोबाइलमध्ये!