नागपुरात फौजदारी बचाव वकील व्हायचं असेल तर सुरुवात जिल्हा कोर्टातून करावी की थेट हायकोर्टातून?

लॉचं शेवटचं वर्ष सुरू आहे, हायकोर्टातल्या एका सीनियरकडे जागा मिळतेय, जिल्हा कोर्टातल्या दुसऱ्यांकडेही मिळतेय, आणि घरचे म्हणतात, "गुन्हेगारांना सोडवण्यात कसलं आलंय करिअर?" असं तुम्ही लिहिलंय. मी दोन्हीकडे आरोपीच्या बाजूने उभा राहतो. माझं मत स्पष्ट आहे: आधी जिल्हा कोर्ट, निदान चार-पाच वर्षं.

शिक्षेविरुद्ध अपील केलं की हायकोर्टापुढे खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड जातं: साक्षी, पंचनामे, आरोपीचा जबाब. जादा पुरावा घ्यायची तरतूद आहे, पण ती क्वचित वापरली जाते. सत्र न्यायालयात जो प्रश्न विचारायचा राहिला, तो वर कितीही नामवंत वकील उभा केला तरी विचारता येत नाही, कारण तिथे साक्षीदारच नसतो.

समजा खुनाची केस आहे. मयताचा भाऊ कोर्टात सांगतो, "आरोपीच्या हातात कुऱ्हाड होती." पोलिसांनी घेतलेल्या त्याच्या जबाबात कुऱ्हाडीचं नावही नाही. नवा वकील खूश होतो आणि युक्तिवादात दाखवू म्हणून खाली बसतो. तिथेच घात होतो. उलटतपासात ही गोष्ट साक्षीदारापुढे ठेवावीच लागते. तो बहुधा म्हणेल, "मी सांगितलं होतं, पोलिसांनी का लिहिलं नाही ते सांगता येणार नाही." हे त्याच्या साक्षीत नोंदलं गेलं पाहिजे. तरी काम अर्धंच झालं. पुढे कधीतरी तपास अधिकारी साक्षीला येतो. त्याच्याकडून वदवून घ्यायचं की साक्षीदाराने जबाब देताना कुऱ्हाडीबद्दल काही सांगितलं नव्हतं. तेव्हा कुठे ओमिशन, म्हणजे आधीच्या जबाबात ती गोष्ट नव्हतीच हे, सिद्ध होतं. मधल्या काळात सरकारी वकील बदलतो, कधी न्यायाधीशही बदलतात, म्हणून कोणत्या साक्षीदाराचं काय सिद्ध करून घ्यायचंय हे आपल्या फाइलवर आपणच लिहून ठेवायचं. ही शिस्त हायकोर्टात बसून अंगी लागत नाही.

माओवाद्यांशी संबंधांचा आरोप झालेले दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक जी. एन. साईबाबा यांचं प्रकरण वाचा. गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने २०१७ मध्ये त्यांना आणि सहआरोपींना शिक्षा दिली. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये निर्दोष सोडलं, सुप्रीम कोर्टाने तो निकाल रद्द करून अपील नव्याने ऐकायला सांगितलं, आणि ५ मार्च २०२४ ला खंडपीठाने पुन्हा सर्वांना सोडलं. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली खटला चालवायला सरकारने दिलेली मंजुरी कायदेशीर नव्हती आणि जप्तीही सिद्ध झाली नाही, असं कोर्ट म्हणालं. जप्तीची ती तपासणी गडचिरोलीत नोंदलेल्या साक्षींवरूनच झाली. त्यातले एक आरोपी पांडू नरोटे ऑगस्ट २०२२ मध्येच कैदेत असताना वारले होते. घरच्यांना हे सांगा. आरोपी आणि गुन्हेगार यांच्यातलं अंतर कोर्टात कुणीतरी रोज राखावं लागतं, आणि मला या कामाचा अभिमान आहे.

हायकोर्टाचं काम कमी लेखू नका. विदर्भाच्या ११ जिल्ह्यांतली अपिलं सिव्हिल लाइन्सच्या त्या इमारतीत येतात. अपील निकाली निघायला वर्षं जातात, म्हणून शिक्षा स्थगित करून जामीन मिळवणं ही तिथली पहिली लढाई. शेकडो पानांचं पेपरबुक, म्हणजे खालच्या कोर्टाच्या रेकॉर्डची बांधलेली प्रत, वाचून नेमकी दोन पानं न्यायमूर्तींपुढे ठेवायची, तीही इंग्रजीत. ट्रायल केलेल्या माणसाला ती दोन पानं लवकर सापडतात.

पैशाचं म्हणाल तर सुरुवातीची वर्षं ओढाताणीची असतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये शहरातल्या ज्युनियरला महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन सुचवलं, पण ते बंधनकारक नाही. सीनियरशी आधीच बोलून घ्या. लोकअभिरक्षक कार्यालयाचाही विचार करा: तिथे वकील न परवडणाऱ्या आरोपींच्या केसेस येतात, मानधन ठरलेलं असतं आणि ट्रायलचं काम भरपूर मिळतं.

होकार देण्याआधी त्या सीनियरच्या कोर्टात दोन-तीन दिवस मागच्या बाकावर बसा. ते स्वतः उलटतपास घेतात की नुसत्या तारखा घेतात, ज्युनियरला एखादा पंच तरी तपासू देतात का, आणि आरोपीची आई व्हरांड्यात काही विचारायला आली तर थांबून बोलतात का, हे बघा. तिन्ही बाबतीत समाधान झालं तर विद्यावेतन थोडं कमी असलं तरी तिथेच जा.