पुण्यात खासगी नोकरीत आजारपणाची पगारी रजा कायद्यानं किमान किती मिळते?

तुम्ही लिहिलंय की भोसरीच्या वर्कशॉपमध्ये १८,००० पगार आहे, ऑगस्टमध्ये डेंग्यूनं १२ दिवस घरी होतात आणि मालकानं बाराही दिवस कापले. ‘सिक लीव्ह’ म्हणून मालकानंच पगार द्यावा, असे ठरावीक दिवस कायद्यात नाहीत. पण पैसे बुडालेच असंही नाही. ते मागायचं दार वेगळं आहे.

आधी पगाराची स्लिप काढा. कपातीत ‘ईएसआय १३५’ (म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना) दिसतंय? तो तुमच्या पगाराचा पाऊण टक्का. मालक वर सव्वातीन टक्के भरतो. महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्यांसाठी ही योजना आहे. आजारपणात सरासरी रोजाच्या ७० टक्के रक्कम ईएसआय महामंडळ देतं, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. तुमचा रोज ६०० धरला तर ४२० झाले. पहिले दोन दिवस धरत नाहीत, म्हणजे दहा दिवसांचे ४,२०० रुपये.

गोची अटीत आहे. ऑगस्टच्या आजारासाठी आधीच्या ऑक्टोबर ते मार्चमध्ये किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. नोकरी यंदा एप्रिलमध्येच लागली असेल तर उपचार मिळतात, पण हे पैसे नाहीत. नव्या माणसाला साधारण नऊ महिने थांबावं लागतं.

दुसरी गोष्ट कागदाची, आणि त्यात मी स्वतः आपटलोय. पगारपत्रकं बनवणारा माणूस मी, तरी २०१८ मध्ये कावीळ झाली तेव्हा घराजवळच्या खासगी डॉक्टरकडे पडून राहिलो. बरा झाल्यावर रिपोर्टांची जाडजूड फाइल घेऊन ईएसआयच्या शाखा कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाईंनी ती उघडलीसुद्धा नाही, एवढंच विचारलं, “आपल्या दवाखान्याचं सर्टिफिकेट कुठंय?” खासगी चिठ्ठी पर्यायी पुरावा म्हणून मानली जाऊ शकते, पण तो त्यांच्या मर्जीचा भाग. म्हणून ताप आला की पहिल्याच दिवशी ईएसआयच्या दवाखान्यात नोंद करायची आणि उपचारही तिथलेच घ्यायचे. तुमची फाइल मात्र आत्ताच नेऊन द्या.

वर्कशॉप कारखाना म्हणून नोंदलेलं असेल तर दर २० दिवसांच्या कामामागे एक पगारी रजाही साठते. न धरलेले ते दोन दिवस या रजेत टाकायला सांगा. एकाच दिवसाचे दोन्हीकडून पैसे मात्र मिळत नाहीत.

हिंजवडीवाल्यांचं गणित निराळं. पगार मर्यादेच्या वर, म्हणून ईएसआय नाही. राज्याच्या २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्यात वर्षाला ८ किरकोळ रजा आणि साठणारी अर्जित रजा आहे. आजारपणाचा वेगळा कोटा नाही. त्यांच्या ऑफरलेटरमधली सिक लीव्ह ही कंपनीची पॉलिसी.

स्लिपवर ईएसआयची ओळच नसेल आणि तुमच्याकडे दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील, तर मालकानं नोंदणी केली आहे का ते बघावं लागेल. त्यासाठी बिबवेवाडीचं ईएसआय कार्यालय गाठा. ओळ असेल तर नोकरीला लागल्याची तारीख इथं कमेंटमध्ये टाका, ७८ दिवस बसतात का ते मोजून सांगतो.