खुर्ची चांगली, तरी कंबर का धरते?

प्रश्न : वय ३८. दिवसभर संगणकावर हिशेबाचं काम करते. संध्याकाळी उठताना कंबर धरते, पहिली दोन पावलं वाकूनच टाकावी लागतात. महागडी खुर्ची घेतली, पट्टाही लावते, फरक नाही. पायात कळ किंवा मुंग्या नाहीत. दुखणं वाढू नये म्हणून काय करू?

उत्तर : कळ पायात उतरत नाही, हे बरं आहे. आता खुर्चीकडे पाहू. माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगते, कामावर बसता तसे बसा, आणि गप्पा सुरू करते. थोड्याच वेळात बहुतेकांची बैठक पुढे घसरते, भार माकडहाडाकडे जातो आणि कंबर व खुर्चीची पाठ यांच्यामधून माझी मूठ सहज आत जाते. खुर्ची कितीही महाग असो, कमरेला टेकू नाहीच! खुर्चीत पार मागे सरकून बसा, त्या पोकळीत टॉवेलची गुंडाळी ठेवा, पावलं पूर्ण टेकवा. ९० अंशांत ताठ बसायचा हट्ट नको. १००-११० अंशांत रेललं की मणक्यांमधल्या चकत्यांवरचा दाब उतरतो.

तरीही बसून राहणं हाच मूळ त्रास आहे. मोठेपणी, म्हणजे वाढ पूर्ण झाल्यावर, चकत्यांना स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. भोवतालच्या भागातून झिरपणाऱ्या द्रवावर त्यांचं पोषण चालतं, आणि दाब कमी-जास्त होत राहिला तर ही देवघेव नीट होते. म्हणून दर अर्ध्या तासाने उठाच. फोन उभ्याने घ्या, पेला लहान ठेवा म्हणजे पाण्यासाठी उठणं होईल. उठलात की तळवे कमरेवर ठेवून पाच वेळा हळूच मागे झुका. मात्र बराच वेळ पोक काढून बसल्यावर लगेच जड काही उचलू नका. तेव्हा पाठीचे बंध ताणून सैलावलेले असतात, जरा चालून मग उचला.

डॉक्टरांनी सांगितला नसेल तर पट्टा सोडा, असं मी आग्रहाने सांगेन. त्याने दुखणं टळतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही, नियमित व्यायामाने टळतं असं दिसलं आहे. रोज चाला, पोट, पाठ आणि नितंबांच्या ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा करा.

एवढं करूनही काही आठवड्यांत उतार पडला नाही तर तपासून घ्या. पाय लुळा पडू लागला, मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.